सोबत पोस्टकार्ड एक

निघोज्यात गारा पडल्या बुधवारी दुपारी, पण साहेबराव येळवंड्यांच्या डोक्यात त्या पडायला शुक्रवारचं टपाल यावं लागलं. मधले दोन दिवस ते चिंचवडातल्या आपल्या दोन खोल्यांत अगदी स्वस्थ होते. बुधवारी तिकडेही आभाळ आलं होतं, चार थेंब पडले होते, आणि ‘चला, हवेत जरा गारवा आला’ असं त्यांनी चाळीच्या कठड्याला टेकून शेजारच्या यशवंतरावांना सांगितलंही होतं. त्या वाक्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

कार्ड धाकट्या भावाचं, खंडूचं होतं. निघोज्याची शेती तो बघायचा, आई त्याच्याकडेच असायची. खंडू चौथीपर्यंत शिकलेला, आणि शब्द म्हणजे जणू पदरचं बियाणं अशा हाताने तो लिहायचा. ‘दादास शिरसाष्टांग. गारा पडल्या. कांदा गेला. बियाण्याचे डेंगळे गेले. कौले फुटली. बैल ठीक. आई ठीक. सरकार मदत देणार म्हणतात. गुरुवारी तलाठी भाऊसाहेब पाहणीला येणार. काय करू ते कळवा.’ खाली निम्मं कार्ड कोरं होतं.

कोरी जागा बघून साहेबरावांना कसंतरी व्हायचं. पिंपरीच्या एका कंपनीत ते टाइम ऑफिसात कारकून होते. कोण किती वाजता आत आला, कोण सात मिनिटं उशिरा आला, कुणाचा ओव्हरटाइम किती, हे सगळं लिहून ठेवण्यात त्यांची सतरा वर्षं गेली होती. कागदावर आलं ते घडलं, बाकी सगळ्या गप्पा, असा त्यांचा साधा हिशेब होता. निघोज्याहून रोज चार पोरं सायकलवर शिफ्टला यायची. त्यांच्याजवळ निरोप दिला असता तर संध्याकाळी खंडूला मिळाला असता. पण तोंडी निरोपावर साहेबरावांचा विश्वास नव्हता. त्यातून मार्चअखेर, रविवारीही ओव्हरटाइम, म्हणजे स्वतः जाणंही शक्य नव्हतं. त्यांनी त्याच दुपारी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, एक कार्ड घेतलं आणि काठोकाठ भरून टाकलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. पाहणी म्हणजे काय, हे साहेबरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कंपनीत फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा असला की आठ दिवस आधी चुना निघायचा. वाळूच्या बादल्यांना लाल रंग लागायचा, गळका नळ टोपलीखाली जायचा, मुताऱ्यांत फिनेल पडायचं, आणि एरवी बंद असलेला पंखा फिरायला लागायचा. या तयारीची परिपत्रकं साहेबरावच लिहायचे. ती इतकी उत्तम असत की मॅनेजरसाहेब न वाचता सही करत.

पुढचे नऊ दिवस त्यांनी मोठ्या विश्वासाने काढले. दुसऱ्या रविवारी एकदाची सुट्टी मिळाली तेव्हा कुरुळी फाट्यावर एसटीतून उतरून, चपलांची धूळ झाडत ते निघोज्याच्या वाटेला लागले. मनात हिशेब पक्का होता. पंचनामा झाला असेल, खंडूला पुढच्या हंगामाचं बियाणं येईल एवढी मदत मिळेल, आणि गावात ‘थोरल्यानं बरुबर कळवलं म्हनून जमलं’ असं चार लोक म्हणतील.

घर दिसलं आणि ते थबकले. भिंतींना पांढराशुभ्र चुना दिला होता. छपरावर एक कौल फुटलेलं नव्हतं. अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, तेही आता सुकत आलेलं. मागे शेताकडे नजर गेली तर शेत जेवायला पाट मांडावेत इतकं स्वच्छ. कांद्याची एक पात नाही की बियाण्यासाठी राखलेल्या फुलोऱ्याचा एक डेंगळा नाही. खंडूने सगळं उपटून, कडेच्या खड्ड्यात टाकून, वर कुळव फिरवून रान सपाट केलं होतं.

“पंचनामा काय झाला?” साहेबरावांनी विचारलं.

खंडू बैलांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “भाऊसाहेब आलं. सर्कल सायेब येनार व्हतं, त्ये काय आलं न्हाईत. भाऊसाहेबानी रान पायलं. म्हनलं, काय गेलंय हितं? लई निर्मळ हाय. लिवून घेतलं आन् गेलं.”

“काय लिहून घेतलं?”

“नुकसान आढळलं न्हाई म्हनून.”

“अन् भजी खाल्ली,” आत चुलीपाशी बसलेली आई, सोजरबाई, म्हणाली. “शेजारच्या सुभद्राबाईकडनं चार कांदं उसनं आनलं. पाव्हण्यास्नी नुसता च्या कसा द्यावा? दोनदा मागून घेतली भाऊसाहेबांनी.”

साहेबराव ओट्यावर बसले. ज्याचा सगळा कांदा गारांनी नेला त्याच्या घरी तलाठ्याने कांद्याची भजी दोनदा मागून खाल्ली होती, आणि मग कांद्याचं नुकसान नाही असं लिहिलं होतं. त्या माणसाला दोष तरी काय द्यायचा!

“अरे पण झाडलंत कशाला सगळं?” साहेबराव ओरडले. एरवी ते घरात ओरडत नसत. “सरकारला नुकसान दाखवायचं असतं! लग्नाचा मांडव नाही दाखवायचा! कुणी शिकवलं हे शहाणपण?”

खंडूने आईकडे पाहिलं. आईने दाराच्या चौकटीकडे पाहिलं, आणि पदराने हात पुसत म्हणाली, “कुनी न्हाई रं सायबू. आमचं आमीच. अडानी मानसं आमी.”

“अडाणीपणालाही काही मर्यादा असते,” साहेबराव म्हणाले आणि आणखी बरंच बोलले. ते सगळं इथे देण्यात अर्थ नाही. दोघांनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

मग खंडूने हळूच मनातलं सांगितलं. पुढच्या हंगामाला घरचं बी नाही, ते गारांखाली गेलं. कर्ज काढायचं नाही, ही बापाची शिकवण. तेव्हा पुढच्याच्या पुढच्या शनिवारी चाकणच्या बाजारात बैलजोडी उभी करायची आणि सोमवारपासून साहेबरावांच्याच कंपनीत हेल्पर म्हणून लागायचं. लेबर कॉन्ट्रॅक्टरशी बोलणं झालं होतं. “बायकापोरं घिऊन तुमच्याकडंच येतो दादा. दुसरं कोन हाय मला पुण्याकडं?” तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याचा हात बैलाच्या वशिंडावरच होता.

कुरुळी फाट्याकडे परत चालताना साहेबरावांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं आलटून पालटून येत होती. एका चित्रात त्यांच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती. दुसऱ्यात खंडू, लहानपणी शाळेत भिंतीकडे तोंड करून बसवलं तरी खिडकीतून रानाकडे बघणारा खंडू, पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास एका जागी उभा होता, आणि त्याच्या उशिराची मिनिटं स्वतः साहेबराव वहीत लिहीत होते. पहिल्या चित्राने त्यांना घाम फुटला. दुसरं आलं की ते पावलं भराभर उचलत.

आणि मोई गावाकडे फुटणाऱ्या वळणापाशी, काही कारण नसताना, त्यांना स्वतःचंच एक वाक्य आठवलं. ‘कोठेही मोडतोड अथवा अव्यवस्था साहेबांच्या दृष्टीस पडता कामा नये.’

ते वाटेतच उभे राहिले. वाक्य परिपत्रकातलं होतं. म्हणजे परिपत्रकातलं असायला हवं होतं. पण ते त्यांनी कंपनीत लिहिलं नव्हतं, या महिन्यात तिकडे कुणी इन्स्पेक्टर आलाच नव्हता. ते त्यांनी खंडूला लिहिलं होतं. मग आईने चौकटीकडे का पाहिलं तेही आठवलं. त्या चौकटीला एक वाकवलेली तार अडकवलेली होती, आणि घरात आलेलं प्रत्येक कार्ड सोजरबाई त्या तारेत टोचून ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती एकही टाकत नव्हती.

साहेबरावांना तिथून मागे फिरता आलं असतं. चूक माझी होती, एवढं आईला सांगून येता आलं असतं. पण सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची चूक तोंडाने सांगायचा सराव नसतो. त्यांनी निराळा निश्चय केला. कार्डाचा विषयच निघू नये अशा बेताने सगळं प्रकरण आपणच निस्तरायचं. इतकं बेमालूम, की शेवटी मदत मिळाली म्हणजे कुणी कुणाला काय लिहिलं होतं हे विचारायला कुणाला सवडच राहू नये.

घरी आल्यावर त्यांनी पत्नीला, सुमनला, निम्मीच गोष्ट सांगितली. सुमनने ती ऐकली, आणि मग दोन्ही खोल्यांवर एक नजर फिरवली. “खंडूभाऊजी आले तर येऊ देत,” ती म्हणाली. “पण मोरीचं काय? नऊ माणसांना एक मोरी.” त्या मोरीची काळजी साहेबरावांना आठवडाभर पुरली.

यशवंतरावांनी मात्र कंबर कसली. यशवंतराव तरुणपणी पुण्याच्या कलेक्टर कचेरीत अकरा महिने हंगामी नोकरीला होते, आणि त्या अकरा महिन्यांच्या जोरावर महसूल खात्यातली कुठलीही गाठ आपण सोडवू शकतो असं चाळीत सर्वमान्य होतं. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, “येळवंडे, सरकारला डोळे नसतात, फाइल असते. फाइलला फोटो लावा. फोटोपुढे तलाठी काय, कलेक्टरही गप्प.”

“पण शेत तर साफ झालंय.”

“खड्डा आहे ना? सडका कांदा टाकलेला? त्याचा फोटो काढा.”

साहेबरावांनी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टेशनजवळच्या स्टुडिओतले फोटोग्राफर भिमाजी यांना त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून निघोज्याला नेलं. भिमाजी लग्नाचे फोटो काढायचे आणि माणूस कलावंत होता. खड्ड्याकडे बघून त्यांनी नाक दाबलं. “ह्याचा फोटो? राव, रोल वाया घालवायचाय का?” मग त्यांची नजर बैलांवर गेली. त्यांनी खंडूला फेटा बांधायला लावला, बैलांच्या पाठीवर झुली टाकायला लावल्या, एका बैलाचं तोंड जरा सूर्याकडे वळवलं, आणि साहेबराव खड्ड्याकडे बोट दाखवत नुसते उभे असताना भराभर चार फोटो काढले.

शनिवारी फोटो हातात आला. साहेबरावांनी तो उजेडात धरला. फोटो फारच सुरेख होता. मागे लोण्यासारखी सपाट काळी जमीन, पुढे पोसलेली बैलजोडी, मधे मिशीला पीळ दिलेला खंडू. कुठल्याही सरकारी कचेरीने आपल्या योजनांच्या यशाचा पुरावा म्हणून तो भिंतीवर लावला असता. भिमाजींनी त्याची मोठी प्रत काढून स्टुडिओच्या काचेत आधीच लावली होती.

“हा अर्जाला लावू नका,” यशवंतरावांनी मान्य केलं. “हा लावलात तर शेतसारा वाढवतील. तुम्ही असं करा, वस्तूच न्या. प्रत्यक्ष पुरावा. सडक्या कांद्याचं पोतं खेडच्या तहसील कचेरीत टेबलावर ओता. वास नाकात गेल्याशिवाय कारकुनाला जाग येत नाही.”

स्वतः कारकून असल्यामुळे हे शेवटचं वाक्य साहेबरावांना लागलं, पण ती वेळ मानापमानाची नव्हती. सोमवारी खंडूने पोतं भरून कुरुळी फाट्यावर आणलं. एसटीच्या कंडक्टरने पोत्याला अर्धं तिकीट लावलं आणि वास आल्यावर पूर्ण लावलं. मागच्या सीटवर पोतं पायांत धरून, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने नाक झाकून साहेबराव खेडला गेले. त्यांच्या पुढच्या चार सीटा आपोआप रिकाम्या झाल्या.

कचेरीत आवक-जावक कारकुनाने पोत्याकडे बघितलंच नाही. “अर्जासोबत कागद जोडता येतो. वस्तू जोडता येत नाही.”

“पण हा पुरावा आहे.”

“ह्याला मी आवक नंबर कुठे मारू?”

तेवढ्यात शिपायाने कुतूहल म्हणून पोत्याचं तोंड सोडलं. आणि साहेबरावांच्या देखत वरून टपोरे, लालबुंद, खणखणीत कांदे बाहेर घरंगळले. खंडूने पोतं भरताना वरचा थर चांगल्या मालाचा लावला होता. पाहणीनंतर आईने खड्ड्यातून वेचून घरासाठी टोपलीभर बरे कांदे ठेवले होते, ते त्याने वर रचले होते. यात लबाडी काही नव्हती. बाजारात पोतं न्यायचं तर वरचा थर चांगला लावायचा, ही त्यांच्या घरात तीन पिढ्यांची रीत होती, आणि कचेरीत न्यायचं म्हटल्यावर तर त्याने ती जास्तच मनापासून पाळली होती.

“अहो, हा तर झकास माल आहे,” शिपाई म्हणाला.

“खालचा बघा! खाली सगळा सडका आहे!” साहेबराव कळवळून म्हणाले आणि ते बघायला दोघंतिघं वाकले. वास आला तेव्हा मागेही सरले. कारकुनाने लांबूनच अंदाज घेतला. “म्हणजे निम्मा चांगला, निम्मा खराब. नुकसान निम्म्याहून जास्त असेल तरच मदत. तुम्हीच तुमच्या विरुद्ध पुरावा आणलात की!”

साहेबरावांचा चेहरा इतका पडला असावा की कारकुनाला दया आली. शेवटी कारकूनच तो. त्याने हळू आवाजात सांगितलं, “फेरपाहणीचा अर्ज द्या. शुक्रवारी सर्कलसाहेब निघोज्याकडेच येणार आहेत. पण माणूस कागदाचा आहे. बोललेलं धरत नाही. गारा पडल्या त्या आठवड्यातला, तारखेचा, एक कागद दाखवा. सोसायटीची नोंद असेल, कुणाचं पत्र असेल, काही असेल. नंतर लिहून आणलेलं चालायचं नाही.”

‘कुणाचं पत्र असेल’ हे ऐकून साहेबरावांना चौकटीवरची तार आठवली. त्या क्षणी त्यांना असा कागद एकच सुचला. त्यांनी घाईघाईने अर्ज लिहिला, सही केली आणि पोतं तिथेच सोडून बाहेर पडले. जाताना शिपाई वरचा थर पिशवीत भरताना दिसला.

ते चार दिवस साहेबरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. गावात गारा पडल्याची त्या आठवड्यातली दुसरी कुठलीतरी नोंद मिळावी म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं, आमी पीक आल्यावर लिवतो, गेल्यावर न्हाई. शाळेच्या मास्तरांनी त्या दिवशी हजेरीपटावर ‘पाऊस, मुले घरी’ एवढंच लिहिलं होतं. खंडूने स्वतः धाडलेलं कार्ड चालेल, असं साहेबरावांना एकदा वाटलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पण ते सुमनने दुधाचा हिशेब मागे लिहून दूधवाल्याला दिलं होतं. टाइम ऑफिसात त्या आठवड्यात पहिल्यांदाच एका कामगाराच्या नावापुढे दुसऱ्याचा उशीर लागला. तो कामगार येऊन भांडला तेव्हा साहेबरावांनी चक्क माफी मागितली. ते ऐकून शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून बघायला आला.

शुक्रवारी सकाळी ते निघोज्याला पोचले तेव्हा गोठ्यात खंडू बैलांच्या शिंगांना तांबडा हुरमुंज लावत होता. उद्याच्या बाजारासाठी. बैलांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, सणावाराला ते रंगतच असत.

साहेबरावांना ते बघवेना. घराच्या वळचणीला उभं राहून त्यांनी वर पाहिलं. सगळी कौलं शाबूत. मनात आलं, दोनचार तरी फोडावीत. यशवंतरावांनीही सुचवलं होतंच, की नुकसान दिसत नसेल तर दिसण्यापुरतं करावं. त्यांनी स्टूल ओढलं, एक कौल काढलं, आणि हात वर नेला.

“आरं आरं, सुभद्राबाईचं हाय ते!” आई धावत आली. “उसनं आनलंय. धा कौलं मोजून दिलीत तिनं. परत द्यायचीत.”

साहेबरावांनी कौल पुन्हा जागेवर बसवलं. भजीचे कांदे उसने होते, छपरावरची कौलं उसनी होती. एका कार्डावरच्या हुकमासाठी ह्या दोघांनी शेजारणीकडून घर उसनं आणलं होतं, आणि एका शब्दाने ते बोलून दाखवलं नव्हतं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

साडेअकराला तलाठ्याचे वरिष्ठ, सर्कलसाहेब, आले. उंच, कोरडे, चष्म्यातून वरखाली बघणारे गृहस्थ. बरोबर तलाठी भाऊसाहेब आणि कागदांची पिशवी घेतलेला गावचा कोतवाल धोंडीबा. धोंडीबाला बघून साहेबराव जरा मागे सरकले. कार्डावरचं अवघड मराठी खंडूला लागलं नसेल, तर गावात सरकारी भाषा समजावून सांगणारा माणूस हाच होता. शेजारपाजारची आठदहा माणसंही अंगणात येऊन बसली. सुभद्राबाई आपली कौलं नीट आहेत ना ते बघत होती.

सर्कलसाहेबांनी शेत पाहिलं, खड्डा पाहिला, आणि ओट्यावर येऊन बसले. “खड्ड्यात कांदा आहे. पण तो कधी टाकला, कशाने गेला, हे कसं समजायचं? एखादा साठवणीतलाही टाकतो. तारखेचा कागद आहे?”

खंडू बैलांकडे बघत होता. धोंडीबाने एकवार साहेबरावांकडे पाहिलं आणि मान फिरवली. म्हणजे ह्यालाही सगळं माहीत होतं. सगळ्या अंगणाला माहीत होतं, आणि थोरल्याची अब्रू जाऊ नये म्हणून सगळं अंगण गप्प होतं.

“कागुद न्हाई सायेब,” सोजरबाई पुढे झाली. डोक्यावरचा पदर सावरत तिने हात जोडले. “ह्यात कुनाचा दोस न्हाई. म्या म्हातारीनंच येडेपना केला. घरी सायेब येनार म्हनलं, तवा म्या पोराला म्हनलं झाड समदं. माझंच चुकलं. त्येची शिक्षा पोराला नगा दिऊ.”

“मग माझा नाइलाज आहे,” सर्कलसाहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावू लागले.

साहेबराव बसले होते तिथून चौकट दिसत होती. तारेवर सगळ्यात वर ते कार्ड होतं. त्यांचं स्वतःचं वळणदार अक्षरही दिसत होतं. पेनाला टोपण लागायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात त्यांच्या मनात बरंच काही येऊन गेलं. गावातला मान, चाळीतला मान, ‘अडाणीपणालाही मर्यादा असते’ हे वाक्य, आणि हुरमुंज लावलेली ती शिंगं.

ते उठले. तारेतून कार्ड काढताना त्यांचं बोट टोचलं. “हा कागद आहे,” ते म्हणाले. “तारीख आहे, पोस्टाचा शिक्का आहे. चूक आईची नाही. माझी आहे.”

सर्कलसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि पंचांसमोर वाचायची पद्धत म्हणून कार्ड मोठ्याने वाचलं.

“‘चिरंजीव खंडूस आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. बुधवारच्या गारपिटीत आपला सर्व कांदा व डेंगळे नष्ट झाले व घराची कौले फुटली हे वाचून अतिशय वाईट वाटले. येत्या गुरुवारी पाहणीसाठी साहेब लोक येणार असल्याचे समजते. तरी तत्पूर्वी संपूर्ण परिसर स्वच्छ करून घ्यावा. कोठेही मोडतोड अथवा अव्यवस्था साहेबांच्या दृष्टीस पडता कामा नये. भिंतींना चुना द्यावा. चहा-फराळाची सोय चोख ठेवावी. याबाबत हयगय झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल. कळावे. सा. बा. येळवंडे, टाइम ऑफिस.’”

मग तलाठी भाऊसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला, सुभद्राबाईने पदर धरला, आणि ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं ते मोकळेपणी हसले. साहेबरावांचे कान तापले. पण सर्कलसाहेब हसले नाहीत. त्यांनी शिक्का उन्हात धरून पाहिला, तारीख पुन्हा एकदा वाचली.

“गारा पडल्यानंतर दोन दिवसांनी लिहिलेलं,” ते म्हणाले. “पिकाचा उल्लेख आहे. घराचा उल्लेख आहे. आणि पुरावा कुणी नाहीसा केला त्याचाही आहे. येळवंडे, असा परिपूर्ण कागद मला नोकरीत दुसरा मिळाला नाही.” आणि त्यांनी टोपण काढलं. पंचनाम्याच्या शेवटी त्यांनी लिहिलं: नुकसान मान्य. सोबत पोस्टकार्ड एक.

साहेबराव हळूच म्हणाले, “साहेब, नक्कल चालणार नाही का? मी आत्ता करून देतो. तेवढं शेवटचं वाक्य गाळून.”

“मूळच लागतं.”

कार्ड फाइलला टाचलं गेलं. धोंडीबाने पिशवीत घातलं. साहेबरावांची ती हुकूमशाही खेडच्या दप्तरात कायमची जमा झाली आणि त्याला आवक नंबरही मिळाला. मंडळी उठल्यावर सोजरबाई चौकटीपाशी जाऊन तारेवरून बोट फिरवत म्हणाली, “सायबूची समदी कारडं हुती माझ्याकडं. एक सरकारनं न्हेलं. आता त्याची भरपाई कोन देनार?”

साहेबराव तिच्या पायांशी वाकले. “आये, चुकलो,” ते म्हणाले. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “भजी करू का रं?”

दुसऱ्या दिवशी चाकणचा बाजार येळवंड्यांच्या बैलांशिवाय भरला. खंडूने त्यांची शिंगं धुतलीही नाहीत, तशीच तांबडी शिंगं घेऊन ती जोडी आठवडाभर रानात मिरवली. मदत यायला पुढे ज्येष्ठ लागला, पण आली, आणि बियाणं वेळेवर पडलं. भाद्रपदात चिंचवडला खंडूचं कार्ड आलं. ह्या वेळी साहेबरावांनी ते सुमनच्या हाती लागायच्या आत वाचून जपून ठेवलं.

‘दादास शिरसाष्टांग. कांद्याची रोपे चांगली. बैल ठीक. आई ठीक. मदतीचा उपयोग कसा केला ते बघायला सर्कलसाहेब पुढच्या गुरुवारी पाहणीला येणार. काय करू ते’ इथे त्याने ‘कळवा’ लिहून खोडलं होतं, आणि कोऱ्या जागेत, आयुष्यात पहिल्यांदाच कार्ड काठोकाठ भरत, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘लिहू नका. स्वतः या.’

साहेबरावांनी त्याच दिवशी गुरुवारची रजा टाकली.